इंडी गेम ठरवायचा कसा? माणसं मोजून, पैसे मोजून, की करार वाचून?

रात्रपाळी (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’ने द गेम अवॉर्ड्समध्ये नऊ पुरस्कार उचलले. वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच, सर्वोत्तम इंडी गेमही तोच. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर जी जुंपली आहे ती थांबायचं नाव घेत नाही. म्हटलं, इथल्या जाणकारांना (आणि भांडकुदळांनाही) बोलवावं. (इंडी म्हणजे ‘इंडिपेंडंट’, मोठ्या कंपनीच्या ताब्यात नसलेल्यांनी बनवलेला गेम. नेमकं कोणाला म्हणायचं, यावरच तर भांडण.)

एक गट म्हणतो, अँडी सर्किस आणि चार्ली कॉक्स ज्यात आवाज देतात तो गेम इंडी कसला? दुसरा गट म्हणतो, फ्रान्समधल्या माँपेलिएचा सँडफॉल हा नवखा स्टुडिओ, युबिसॉफ्टमधून बाहेर पडलेला गियोम ब्रोश, तीसेक जणांची मूळ टीम, पहिलाच गेम. अजून काय हवं? मग पहिला गट श्रेयनामावली उघडून बसतो. अ‍ॅनिमेशनला कोरियातली माणसं, टेस्टिंग बाहेरच्यांकडे, पब्लिशर (म्हणजे गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी) केप्लर, आणि त्या केप्लरमध्ये चीनच्या नेटईझने घातलेले १२ कोटी डॉलर.

२०२३ मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’वरून हेच झालं होतं. दिवसा समुद्रात बुडी, रात्री सुशीचं हॉटेल, सगळं पिक्सेलमध्ये. इंडीच्या नामांकनात आला. बनवणारे कोण, तर मिंटरॉकेट, म्हणजे नेक्सॉन या अवाढव्य कंपनीचाच उपविभाग. आयोजकांनी निर्णय ज्युरीवर ढकलला. गेमच्या दिग्दर्शकानेच पुढे सांगून टाकलं की आम्ही स्वतःला इंडी समजत नाही. बक्षीस ‘सी ऑफ स्टार्स’ला गेलं म्हणून निभावलं.

माझं म्हणणं असं: पिक्सेल, बजेट, टीमचा आकार हे सगळं बाजूला ठेवा. एकच प्रश्न विचारा. गेम अर्धा झालेला असताना तो बंद करायचा किंवा वर्षभर पुढे ढकलायचा अधिकार कोणाकडे आहे? बनवणाऱ्यांकडे असेल तर इंडी. दुसऱ्या शहरातल्या कोणा साहेबाकडे असेल तर नाही, मग टीममध्ये दोनच माणसं का असेनात. या हिशेबाने डेव्ह बाद. ‘बाल्डर्स गेट ३’ मात्र पास, चारशेवर माणसं असूनसुद्धा, कारण तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने स्वतःच प्रकाशित केला आणि सूत्रं स्टुडिओचा प्रमुख स्वेन व्हिंकेच्या हातात आहेत. सँडफॉलही माझ्या मते पास.

या आता.

कोपरखळी

म्हणजे वाल्व्ह इंडी? शेअर बाजारात नाही, वर कोणी मालक नाही, तिचा प्रमुख गेब न्यूएलला थांबवणारा अजून जन्माला यायचाय. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ला इंडीचं बक्षीस द्यायला मी येतो, हार-तुरे घेऊन.

रात्रपाळी

@कोपरखळी, हे येणार हे माहीत होतं :) वाल्व्ह दुकानाची मालक आहे. तिच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे ३०% तिच्या गल्ल्यात जातात. गेम विकायला ज्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही, त्याला या वर्गात धरायचं कारण नाही.

कोपरखळी

नियम बदलला. नोंद घेतली आहे.

(अवांतर: ते ३०% सुद्धा सगळ्यांना सारखे नाहीत. एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की २५%, पाच कोटींच्या वर २०%. २०१८ पासून असं आहे. जो आधीच गब्बर त्याला सूट, आणि पोरंसोरं पूर्ण दर भरतात.)

जुना_अटारी

तुम्ही सगळे तरुण आहात म्हणून मूळ गोष्ट सांगतो. १९७९ पर्यंत ज्याचं यंत्र त्याचेच गेम, असा मामला होता. अटारीचं कन्सोल, अटारीचे गेम. गेम बनवणाऱ्याचं नाव डब्यावर नाही, पुस्तिकेत नाही. विक्रीत वाटा नाही, ठरलेला पगार तेवढा. वॉरन रॉबिनेटने ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचं नाव लपवलं ते याच रागातून.

डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघं प्रोग्रॅमर अटारी सोडून बाहेर पडले आणि दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम विकणारी पहिली कंपनी काढली. अटारीने कोर्टात खेचलं. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्यांनी गेम बनवण्याचा रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षी क्रेनचा ‘पिटफॉल’ आला.

त्या कंपनीचं नाव अ‍ॅक्टिव्हिजन. हो, तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,८७० कोटी डॉलर मोजून घेतलेली.

त्यामुळे धागाकर्त्याच्या कसोटीला माझी एक जोड. कंपनीला इंडी म्हणू नका, त्या त्या गेमला म्हणा, आणि तेही त्या त्या वर्षापुरतं. मार्कस पर्सनने २००९ मध्ये बाहेर काढला तो ‘माइनक्राफ्ट’ इंडी. २०१४ मध्ये २५० कोटी डॉलरला मायक्रोसॉफ्टकडे गेला त्यानंतरचा तोच ‘माइनक्राफ्ट’ नाही. ‘डूम’ १९९३ मध्ये आला तेव्हा पहिला भाग फुकट वाटला होता, बाकीचे हवे असतील तर पैसे पाठवा. मधे कोणी पब्लिशर नाही. आज ‘डूम’सुद्धा मायक्रोसॉफ्टच्याच गोठ्यात.

अनुष्टुभ

वाचतोय. पण मूळ कसोटीच लंगडी आहे.

‘जर्नी’ घ्या. २०१२. दॅटगेमकंपनीचा सोनीशी तीन गेमचा करार, पैसा सोनीचा, हक्क सोनीचे, तेव्हा प्लेस्टेशनशिवाय कुठे चालत नव्हता. बंद करायचा अधिकार शंभर टक्के सोनीकडे होता. गेम लांबला, पैसे संपले, शेवटी स्टुडिओ दिवाळखोरीत गेला होता असं स्टुडिओच्या जेनोवा चेनने नंतर जाहीर सांगितलं. आता मला सांगा, वाळवंटातून चालत जाणारा तो लाल झगा, एक शब्द न बोलता अनोळखी माणसाशी जुळणारी सोबत, हे कुठल्या बैठकीत ठरलं असेल? त्या दशकातल्या निम्म्या इंडी गेमांनी त्याच्याकडून काहीतरी उचललंय. तुमच्या कसोटीत तो नापास.

आणि ‘डिस्को एलिझियम’ पास! २०१९ मध्ये झाउम या स्टुडिओने स्वतः प्रकाशित केला, वर कोणी पब्लिशर नाही. एस्टोनियातल्या लेखक-चित्रकारांच्या टोळक्याने बनवलेला. पुढे? रॉबर्ट कुर्वित्झ, हेलेन हिंदपेरे, अलेक्झांडर रोस्तोव हे मूळ कर्तेच कंपनीबाहेर. त्यांच्या मर्जीने नाही, हे त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने २०२२ मध्ये उघड केलं. त्यांनी वर्षानुवर्षं रचलेलं जग कंपनीच्या नावावर. कंपनी स्वतंत्र, कर्ते बेघर. तुम्ही ज्याला ‘बनवणारे’ म्हणताय ते नक्की कोण? स्टुडिओ की माणसं?

रात्रपाळी

@अनुष्टुभ, ‘डिस्को’चा मुद्दा मान्य. अधिकार स्टुडिओकडे आहे एवढ्यावर भागत नाही, स्टुडिओच्या आत शेअर कोणाकडे आहेत हेही बघावं लागणार. ‘जर्नी’चं मात्र मान्य नाही. चांगला गेम आणि इंडी गेम हे वेगवेगळे कप्पे आहेत. सोनीने कलावंतांना मोकळीक दिली हे सोनीचं मोठेपण. दिलेली मोकळीक काढूनही घेता येते.

आणि बघा ना, लॅरियनला ‘बाल्डर्स गेट’चं जग विझर्ड्स ऑफ द कोस्टकडून, म्हणजे हॅस्ब्रोकडून परवान्यावर मिळालेलं. एवढं यश मिळाल्यावर मार्च २०२४ मध्ये व्हिंकेने काय सांगितलं? पुढचा भाग नाही, विस्तारही नाही, आम्ही आमचं काहीतरी करतो. शेअर बाजारातल्या कंपनीत असं बोलणाऱ्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी रिकामी झाली असती.

कोपरखळी

लॅरियनमध्ये टेनसेंट या चिनी कंपनीचे ३०% शेअर आहेत बरं का.

रात्रपाळी

आहेत. उरलेले ७०% टेनसेंटकडे नाहीत.

सांजवेळ

मला यातलं फारसं कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. मुलगा अकरा वर्षांचा आहे, सतत मोबाइलवर जाहिरातींनी भरलेले गेम खेळतो. तुम्ही म्हणता तसला एखादा इंडी गेम त्याला घेऊन द्यायचा तर कोणता? मारामारी कमी असावी.

जुना_अटारी

ताई, ‘स्टारड्यू व्हॅली’. डोळे मिटून घ्या. एकदा पैसे भरायचे, मधे जाहिरात नाही, नाणी विकत घ्या म्हणून मागे लागणं नाही. शेती करायची, मासे पकडायचे, गावातल्या लोकांशी ओळख वाढवायची. खाणीत थोडी किड्या-राक्षसांशी झटापट आहे, पण किरकोळ. तुम्हीही खेळून बघा.

रात्रपाळी

+१. आणि या धाग्यालाही तो लागू आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ बसून चित्रं, संगीत, कोड, संवाद सगळं केलं. घर जोडीदाराच्या पगारावर आणि स्वतः सिएटलच्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम. २०१६ मध्ये आला. आजवर चार कोटींहून जास्त प्रती खपल्यात. सुरुवातीला चकलफिश हा पब्लिशर होता, नंतर बॅरोनने बहुतेक ठिकाणचं प्रकाशन स्वतःकडे घेतलं. घेता आलं, कारण गेम त्याच्याच मालकीचा होता. एवढी वर्षं नवीन नवीन अपडेट फुकट देतोय. कोणी विचारायला नाही की तिमाहीत महसूल का वाढला नाही.

तिठ्यावरचो

माका ता डॉलरचा गणित कळाक नाय, पण त्या स्टारड्यूत मासे गावतत ते आमच्या खाडयेतल्यापेक्षा जास्त. झिल रात्रभर तेच पकडीत बसता.

पुणेरी_पिक्सेल

मी पुण्यात गेम आर्टमध्ये काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका. इथली चर्चा पब्लिशर आणि पुरस्कारांभोवती फिरतेय म्हणून खालच्या मजल्यावरून लिहितो.

भारतात गेम उद्योग म्हणजे बहुतांश बाहेरच्यांचं काम. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ ची, या क्षेत्रातली इथली सर्वात जुन्यांपैकी एक. मोठ्या गेमांसाठी गाड्या, झाडं, इमारती बनवून देण्यात नाव काढलं, पुढे स्वीडनच्या स्टारब्रीझकडे गेली आणि २०१९ मध्ये रॉकस्टारकडे. पुण्यात युबिसॉफ्ट २००८ पासून आहे. आमच्यासारख्यांचा दिवस कसा जातो, तर समोरून यादी येते: अमुक काळातली तलवार, गंजलेली, इतक्याच पॉलिगॉनमध्ये, शुक्रवारपर्यंत. कोणत्या गेमसाठी आहे हे कधीकधी गेम बाजारात आल्यावर कळतं. श्रेयनामावलीत नाव आलं तर आलं.

त्यामुळे ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ पुण्यातून आला तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. नॉडिंग हेड्स हा छोटा स्टुडिओ. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले, मोहीम फसली. संस्थापकांपैकी एकीने फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. फ्लॅट विकणं म्हणजे काय हे इथे पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग बाकीकडे. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं, ‘फॅस्मोफोबिया’ जिंकला. राजस्थानी वाडे-किल्ल्यांची वास्तू, पहाडी चित्रशैलीचा वास, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत. लढाईत थोडा कच्चा आहे, कॅमेरा अधूनमधून दगा देतो, हेही सांगतो, उगाच आपला म्हणून डोक्यावर घ्यायला नको.

आता मुद्दा. ‘राजी’लाही पब्लिशर होता, सुपर डॉट कॉम नावाचा. म्हणून तो इंडी नाही का? पब्लिशर आहे की नाही हे विचारून काही कळत नाही. पब्लिशर कधी आला आणि काय घेऊन गेला, हे विचारा. कल्पना, पात्रं, निम्म्याहून अधिक काम तयार असताना आला तर तो विकायला मदत करणारा. पहिल्याच दिवशी आला आणि पात्रांवर त्याचं नाव लागलं, तर तुम्ही कंत्राटदार. माझ्या डेस्कवर आणि तुमच्या डेस्कवर मग फरक एवढाच की तुमची तलवार तुम्ही स्वतः कल्पिली.

अनुष्टुभ

@पुणेरी_पिक्सेल, उत्तम प्रतिसाद. किकस्टार्टरचा विषय निघालाच आहे तर, लोकवर्गणी हा खरा स्वतंत्र पैसा असं मला वाटतं. आपल्याकडे १९७६ मध्ये ‘मंथन’ हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलाच होता. टोबी फॉक्सने ‘अंडरटेल’साठी पाच हजार डॉलर मागितले, ५१ हजारांवर आले. ‘हॉलो नाइट’ची सुरुवातही तिथलीच.

कोपरखळी

लोकवर्गणीतही साहेब असतात, फक्त ते हजारो असतात आणि सगळे मिळून कमेंटमध्ये विचारतात, “कधी येणार?” २०१२ मध्ये डबल फाइनने चार लाख डॉलर मागितले, तेहतीस लाख मिळाले, तरी पुरले नाहीत. २०१९ मध्ये तो स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने घेतला.

रात्रपाळी

‘हॉलो नाइट’वरून आठवलं. अ‍ॅडलेडची टीम चेरी, मोजकी माणसं. ‘सिल्कसाँग’ची घोषणा फेब्रुवारी २०१९, गेम आला ४ सप्टेंबर २०२५ ला. मधली साडेसहा वर्षं जग ओरडत होतं, मीम बनत होते, आणि ही मंडळी शांतपणे किडे रेखाटत होती. आला त्या दिवशी स्टीमसकट दुकानं कोलमडली. किंमत वीस डॉलर. पहिल्या गेमच्या कमाईवर हे जमलं. मी मघाशी अधिकाराबद्दल लिहिलं ते हेच. माझ्या कसोटीला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

कोपरखळी

जगातल्या सर्वात नशीबवान टीमचं उदाहरण देऊन नियम बनवताय. ज्यांचा पहिला गेम खपला नाही त्यांना साडेसहा वर्षं कोण पोसणार? स्वतःच्या पैशाने स्वतंत्र राहायचं म्हणजे ज्याच्या घरात पैसा आहे त्याचेच गेम बनणार. बॅरोनला जोडीदार होती. ‘राजी’ला विकायला फ्लॅट होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याला पब्लिशरच्या दारात उभं राहावंच लागतं, आणि तुम्ही इथून त्याला सांगणार की बाबा रे, तू इंडी नाहीस.

ओंटारियोची_आत्या

कोपरखळी पहिल्यांदाच सरळ बोलले, दखल घेतली जावी.

मी टोरोंटोत असते. इथे तिसरा रस्ता आहे, सरकारी पैशाचा. कॅनडा मीडिया फंड आणि प्रांतांच्या योजना गेमना मदत करतात. इथलाच ‘वेन्बा’ बघा, जुलै २०२३ चा, विसाई गेम्सचा. ऐंशीच्या दशकात कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईची स्वयंपाकाची वही फाटकी, अक्षरं पुसलेली, आणि आपण अंदाजाने इडलीचं भांडं लावायचं, बिर्याणीचे थर रचायचे. मुलगा हळूहळू तमिळ बोलायचं सोडतो. मी खेळताना दोनदा उठून गेले, इतकंच सांगते. २०२४ मध्ये आयजीएफचं (इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं) सर्वोच्च बक्षीस आणि बाफ्टाचं पदार्पणाचं बक्षीस, दोन्ही मिळाली.

हा गेम दीड-एक तासात संपतो. कुठल्या मोठ्या पब्लिशरने ‘दीड तासाचा, इडलीचा गेम’ ऐकून चेक फाडला असता? आणि गंमत अशी की स्टीमवर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणजे अख्खा संपवून पैसे परत! २०२१ मध्ये एका एकट्या डेव्हलपरने याच कारणाने काही काळ गेम बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. पब्लिशर नसला तरी गेम किती लांब असावा हे दुकान ठरवतंय की नाही?

पुणेरी_पिक्सेल

दुकानाचं सोडा, अवजारांचं बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, पुरवणाऱ्या कंपनीने) जाहीर केलं की एका मर्यादेनंतर गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे आम्हाला द्या. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही लागू. ज्यांनी चार-चार वर्षं त्या इंजिनात घालवली होती त्यांचे रातोरात हिशेब कोलमडले. इतका बोभाटा झाला की वर्षभराने ते रद्दच केलं, पण विश्वास गेला तो गेलाच. ‘स्ले द स्पायर’वाले मेगा क्रिट दुसऱ्या भागासाठी गोडो या दुसऱ्या इंजिनावर गेले. गोडो मुक्त स्रोत आहे, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं. फुकट आहे म्हणून नव्हे, नियम मागाहून बदलणारा कोणी नाही म्हणून लोक तिकडे वळले.

आणि जुलै २०२५ चा प्रकार. पेमेंट हाताळणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला म्हणून स्टीमने काही प्रौढ गेम काढले आणि इच डॉट आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने तसले सगळेच गेम शोधातून गायब केले. इचसारखी जागा, जिथे दुकानाला किती टक्के द्यायचे हे डेव्हलपर स्वतः ठरवतो, शून्यही चालतं! त्या जागेलाही कार्डवाल्यांपुढे मान झुकवावी लागली. ते गेम मला आवडतात असं नाही, पण निर्णय ना बनवणाऱ्याने घेतला, ना दुकानाने, ना कुठल्या कोर्टाने.

जुना_अटारी

म्हणजे पूर्ण स्वतंत्र कोणीच नाही, कुलूप लावा धाग्याला?

रात्रपाळी

नाही हो काका. दुकान आणि इंजिन सगळ्यांना सारखंच छळतं. त्यावरून दोन गेममधला फरक ठरत नाही. युनिटीने पैसे मागितले तेव्हा मेगा क्रिटने ठरवलं, आम्ही जातो. मिंटरॉकेटने असं एकट्याने ठरवलं असतं का? छळ झाल्यावर उठून जायचं की नाही हे कोण ठरवतं, तिथे माझा प्रश्न पुन्हा येतो.

सांजवेळ

स्टारड्यू घेतला. मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, “यात जाहिरात कधी लागते?”

अनुष्टुभ

एक राहिलंच. एक्स्पिडिशन ३३ ला द इंडी गेम अवॉर्ड्सनेही वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरवलं होतं, आणि लगेच पुरस्कार काढून घेतला. गेम बनवताना जनरेटिव्ह एआय वापरल्याचं कारण. काही तात्पुरती चित्रं प्रकाशनाच्या वेळी आत राहून गेली होती, मागाहून काढली. पुरस्कार ‘ब्लू प्रिन्स’कडे गेला. म्हणजे काहींच्या लेखी माणसाच्या हाताने केलेलं असणं ही इंडीची अट आहे. धागाकर्त्याच्या कसोटीत हे कुठे बसतं?

रात्रपाळी

बसत नाही. ती त्या पुरस्काराची अट आहे आणि आधीपासून नियमात लिहिलेली होती, त्यामुळे त्यांनी केलं ते बरोबरच. पण एआय वापरून केलेला भिकार गेमही इंडी असू शकतो. दुर्दैवाने स्टीमवर ढिगाने आहेत. शंभर डॉलर भरले की कोणीही टाकतो.

हातकणंगले_एक्सप्रेस

सगळा धागा वाचला. मी आणि माझा मित्र एक छोटा गेम बनवतोय, गोडोमध्येच. डेमो टाकल्यावर युरोपातल्या एका लहान पब्लिशरचा मेल आला. २० लाखांच्या आसपास उचल देतो म्हणतात, मग ५०-५०. करार इंग्रजीत, एकवीस पानं. घरी सगळे म्हणतायत सही कर, दारात लक्ष्मी आलीय. इथे कोणी बघून सांगेल का कशावर लक्ष ठेवायचं? इंडी राहतो की नाही ते नंतर बघू, आधी फसायला नको.

पुणेरी_पिक्सेल

अभिनंदन आधी. आता नीट वाच, आणि सहीच्या आधी वकिलाला दाखव, ओळखीतल्या नोटरीला नव्हे.

पहिलं, उचल कशातून वळती होणार. समज गेमची किंमत ५०० रुपये. स्टीमचे ३०% गेले, उरले ३५०. कर, सेल, रिफंड तूर्तास सोड. उचल या पूर्ण ३५० मधून वळती होत असेल तर साधारण ५,७०० प्रतींनंतर तुला पैसे सुरू होतात. पण बऱ्याच करारात ती फक्त तुझ्या निम्म्यातून, म्हणजे १७५ मधून कापतात. मग ११,४०० प्रती लागतात. तोवर पब्लिशरच्या हातात चाळीस लाख आलेले असतात आणि तुझ्या हातात उचलीपलीकडे छदाम नाही. दोन्हीकडे लिहिलेलं ‘५०-५०’च असतं.

दुसरं, वसुलीत अजून काय काय धरलंय. मार्केटिंग, भाषांतर, कन्सोलवर नेण्याचा खर्च, प्रदर्शनांचे स्टॉल. यावर कमाल मर्यादा लिहून घे. आणि हिशेब तपासायचा हक्कही.

तिसरं, नाव. गेम, पात्रं, संगीत तुमच्या दोघांच्या नावावर राहिलं पाहिजे. पब्लिशरला विकायचा परवाना दे, ठरावीक वर्षांचा. मालकी नको देऊ. ‘डिस्को’चं वर आलंय ते पुन्हा वाच.

ओंटारियोची_आत्या

आणि पुढच्या गेमवर पहिला हक्क त्यांचा, असं कलम शोध. हमखास असतं. मुदत नसेल तर खोडायला लाव. शिवाय पब्लिशर बंद पडला किंवा विकला गेला तर हक्क आपोआप परत येतील असं लिहून घे. सप्टेंबर २०२४ मध्ये अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हच्या सगळ्या टीमने एकदम राजीनामे दिले होते. एवढा नावाजलेला पब्लिशर! ज्या माणसाच्या भरवशावर सही करतोस तो उद्या तिथे असेलच असं नाही.

जुना_अटारी

पोरा, मित्राशीही कागद कर. अर्धा-अर्धा की कसं, एकजण सोडून गेला तर काय. आत्ता गोडीत आहात तोवर.

कोपरखळी

मी विरोधी पक्षात असलो तरी इथे सगळ्यांशी सहमत. फक्त एक: घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर वीस लाख हे वीस लाख आहेत. इथले लोक स्वातंत्र्यावर छान बोलतील, हप्ते तुलाच भरायचेत.

हातकणंगले_एक्सप्रेस

सगळ्यांचे आभार. रात्री करार पुन्हा वाचला. वसुली आमच्या वाट्यातूनच आहे. मालकी आमची लिहिलीय, पण ‘मालिकेतील पुढील सर्व कृतींचे विशेष हक्क’ त्यांना, कायमचे. आणि एक टप्पा नापसंत पडला तर गेम दुसऱ्या टीमकडून पूर्ण करून घ्यायची मुभाही त्यांना.

रात्रपाळी

ते शेवटचं आधी काढायला लाव, बाकी सगळं नंतर. तुझा गेम तुझ्याशिवाय पूर्ण होतोय म्हणजे काय!

हातकणंगले_एक्सप्रेस

तेच लिहून पाठवलंय. मित्राचं म्हणणं, नाही म्हणाले तर डेमो पुन्हा नीट करून स्टीमच्या डेमो महोत्सवात टाकू. त्याच्या काकांनी सहा महिने खोली वापरायला दिलीय, वीजबिल आपलं.

अनुष्टुभ

गेमचं नाव सांगा की. विशलिस्टला टाकतो. (‘जर्नी’वरचा माझा आक्षेप कायम आहे, कोणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही.)